जठर, संकेतांक आणि देयक : अमेरिकेतील स्थूलत्व-शस्त्रक्रियेचा हिशेब

अमेरिकेतील रुग्णालयात जठरावर एखादी शस्त्रक्रिया पार पडली की तिची किमान दोन देयके तयार होतात : एक शल्यचिकित्सकाच्या कामाचे, तर दुसरे शस्त्रक्रियागृह, खाट, परिचर्या आणि साहित्य पुरवणाऱ्या रुग्णालयाचे. खाजगी विमा कंपन्या किंवा मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेली ‘मेडिकेअर’ ही सरकारी विमा योजना या देयकांवर पैसे देते ती ठरावीक संकेतांक, म्हणजे ‘कोड’, पाहून. वैद्यकीय नोंदी वाचून हे कोड ठरवणाऱ्याला ‘कोडर’ म्हणतात. कोडर रुग्णाला भेटत नाही, शस्त्रक्रियाही पाहत नाही. त्याच्यापुढे असतो तो शल्यचिकित्सकाने लिहिलेला ‘ऑपरेटिव्ह रिपोर्ट’ आणि उर्वरित कागदपत्रे. त्यामुळे जे केले पण लिहिले नाही ते देयकापुरते घडलेलेच नसते, आणि हा नियम किती दूरवर पोहोचतो हे स्थूलत्वावरील जठर-शस्त्रक्रियांच्या उदाहरणातून नेमके दिसते.

आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इतो यांनी स्थूलत्वावरील पहिली जठर-बायपास शस्त्रक्रिया केली ती १९६६ साली, आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने वैद्यकीय कृतींच्या संकेतांकांची ‘सीपीटी’ ही सूची प्रथम प्रसिद्ध केली तीही त्याच वर्षी. मेडिकेअरने डॉक्टरांच्या देयकांसाठी ही सूची १९८३ मध्ये स्वीकारली. त्याच वर्षी रुग्णालयांसाठी मात्र वेगळी पद्धत आली : येल विद्यापीठातील रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांनी विकसित केलेल्या ‘डीआरजी’ या निदान-गटांनुसार संपूर्ण मुक्कामाची एकच ठोक रक्कम देण्याची. परिणामी एकाच शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरला कृतीगणिक, तर रुग्णालयाला रुग्णाच्या गटाप्रमाणे पैसे मिळतात, आणि दोन्ही देयकांत तीच शस्त्रक्रिया वेगवेगळ्या कोडने नोंदली जाते.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठराचा बाहेरचा फुगीर भाग उभा कापून काढून उरलेल्या जठराची अरुंद नळी करणे, ही आज अमेरिकेत सर्वाधिक केली जाणारी स्थूलत्व-शस्त्रक्रिया आहे. दुर्बिणीद्वारे केलेल्या या शस्त्रक्रियेला सीपीटीमध्ये ४३७७५ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २०१० साली. सूचीत नाव नसलेल्या दुर्बिणीच्या जठर-शस्त्रक्रियांसाठी ४३६५९ हा सर्वसाधारण क्रमांक असतो. त्याचा दर आधी ठरलेला नसल्याने प्रत्येक वेळी अहवाल जोडून आणि तुलनेसाठी दुसरी शस्त्रक्रिया दाखवून रक्कम मागावी लागते. स्वतंत्र क्रमांक आला की पैसेही आपोआप मिळतात असे मात्र नाही. मेडिकेअरने स्थूलत्व-शस्त्रक्रियांना फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्रीय पातळीवर मान्यता दिली तेव्हा स्लीव्ह त्या यादीत नव्हती, आणि जून २०१२ मध्ये तिचा निर्णय प्रादेशिक कंत्राटदारांवर सोपवला गेला. म्हणजे क्रमांक हाती असूनही दोन वर्षांहून अधिक काळ मेडिकेअरचे दार बंदच होते.

बायपासच्या बाबतीत कोड एका मोजमापावर अडतो. या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाशी छोटी पिशवी वेगळी करून तिला लहान आतड्याचा वर आणलेला भाग जोडतात. या भागाला ‘रू-शाखा’ म्हणतात. शाखा १५० सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा कोड ४३६४४, आणि अन्नशोषण कमी करण्यासाठी लहान आतड्याची अधिक लांब पुनर्रचना केली असेल तर ४३६४५. ‘रू-शाखा १२० सेंटिमीटर मोजून घेतली’ एवढे एक वाक्य अहवालात असले की प्रश्न मिटतो. ‘नेहमीप्रमाणे जोडणी केली’ असे लिहिले तर कोडरला लांबी गृहीत धरता येत नाही. त्याला शल्यचिकित्सकाकडे लेखी विचारणा करावी लागते, आणि या ‘क्वेरी’चे उत्तर येईपर्यंत देयक थांबते.

रुग्णालयाच्या देयकात आंतररुग्णाच्या शस्त्रक्रियेचा कोड ‘आयसीडी-१०-पीसीएस’ या सात स्थानांच्या पद्धतीने बांधला जातो. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचा कोड ०डीबी६४झेड३ असा आहे. त्यातील शून्य म्हणजे वैद्यकीय व शस्त्रक्रिया विभाग, डी म्हणजे पचनसंस्था, बी म्हणजे अवयवाचा काही भाग कापून काढणे, ६ म्हणजे जठर, ४ म्हणजे दुर्बिणीचा मार्ग, झेड म्हणजे शरीरात कोणतेही उपकरण ठेवलेले नाही आणि शेवटचा ३ म्हणजे छेद उभा. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया मध्येच पोट उघडून पूर्ण करावी लागली तर डॉक्टरच्या देयकात केवळ खुल्या शस्त्रक्रियेचा कोड लागतो आणि मार्ग बदलल्याची नोंद झेड५३.३१ या वेगळ्या कोडने होते.

शस्त्रक्रिया काय झाली याइतकेच ती का झाली हेही सांगावे लागते. मेडिकेअरच्या अटींनुसार बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक, ३५ किंवा त्याहून अधिक हवा, स्थूलत्वाशी निगडित किमान एक आजार हवा आणि त्याआधी केलेले वैद्यकीय उपचार असफल ठरलेले हवेत. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेत वापरात असलेल्या ‘आयसीडी-१०-सीएम’ या निदानसूचीत ४० ते ४४.९ बीएमआयसाठी झेड६८.४१ हा कोड आहे. हा आकडा परिचारिकेच्या किंवा आहारतज्ज्ञाच्या नोंदीतून घेता येतो. ‘स्थूलत्व’ हे निदान मात्र उपचार करणाऱ्या वैद्यकीय व्यावसायिकानेच लिहिलेले असावे लागते. तक्त्यात ४२ हा आकडा दहा वेळा आला आणि डॉक्टरने निदान एकदाही लिहिले नाही, तर कोडर स्वतःहून ते लावू शकत नाही.

ठोक रकमेतही शब्दांना असेच वजन आहे. स्थूलत्व-शस्त्रक्रियेचे मुक्काम ६१९, ६२० आणि ६२१ या तीन डीआरजींत विभागलेले आहेत : अनुक्रमे मोठी गुंतागुंत असलेले, साधी गुंतागुंत असलेले आणि दोन्ही नसलेले. शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडाचे कार्य एकाएकी ढासळले आणि डॉक्टरने ‘मूत्रपिंडाला तीव्र इजा’ असे लिहिले तर ती साधी गुंतागुंत ठरते. त्या इजेचे कारण ‘मूत्रनलिकांचा तीव्र ऊतिनाश’ असे नोंदले तर तीच मोठी ठरते. केवळ ‘क्रिएटिनीन वाढले’ असे लिहिले तर काहीच ठरत नाही. येथेही क्वेरी करता येते, पण अपेक्षित उत्तर सुचवणारी विचारणा नियमबाह्य मानली जाते.

डॉक्टरच्या रकमेत पुढील काळजीही धरलेली असते. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मेडिकेअर आदला दिवस, शस्त्रक्रियेचा दिवस आणि नंतरचे ९० दिवस एकाच दरात मोजते. स्लीव्हच्या टाक्यांतून गळती झाली आणि प्रतिजैविकांवर भागले, तर शल्यचिकित्सकाला वेगळे पैसे नाहीत. रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले तर ७८ हा ‘मॉडिफायर’, म्हणजे कोडला जोडायचा दोन अंकी खुलासा, लावून फक्त प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या वाट्याची रक्कम मिळते. एकाच कृतीचे तुकडे पाडून वेगवेगळे कोड लावणे रोखण्यासाठी १९९६ पासून मेडिकेअरचे संगणकीय नियम लागू आहेत. उदाहरणार्थ, दुर्बिणीने शस्त्रक्रिया करताना प्रारंभी केलेली दुर्बीण-तपासणी स्वतंत्रपणे लावता येत नाही.

या कामाचा बराच भाग भारतात होतो. चेन्नई व हैदराबादप्रमाणेच पुणे आणि नवी मुंबई येथील कार्यालयांतही जीवशास्त्र, औषधनिर्माण किंवा परिचर्या शिकलेले तरुण अमेरिकी रुग्णांच्या नोंदी वाचून कोड लावतात. त्यांच्या स्वतःच्या देशात मात्र सरकारी योजनांचे पैसे बहुतांशी ठरावीक पॅकेजप्रमाणे दिले जातात. भारतीय विमा नियामकाच्या प्रमाणित शब्दयोजनेनुसार स्थूलत्व-शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी डॉक्टरांचा सल्ला, १८ वर्षे पूर्ण वय आणि ४० किंवा त्याहून अधिक बीएमआय, अथवा ३५ पासून पुढे बीएमआय व त्यासोबत अनियंत्रित मधुमेह किंवा तीव्र निद्राश्वासरोध यांसारखा आजार, या अटी आहेत. निकष अमेरिकेशी मिळतेजुळते आहेत, आणि पुरावा येथेही कागदाचाच लागतो.

कोडिंगला कारकुनी काम समजण्याची चूक येथेच उघड होते. शस्त्रक्रियेचा अहवाल मुळात पुढच्या डॉक्टरला आत काय केले आहे हे कळावे म्हणून लिहिला जातो. शाखेची लांबी, छेदाची दिशा आणि गुंतागुंतीचे कारण त्यालाही हवेच असते. दोन्ही वाचकांची गरज जोवर एक असते तोवर कोडिंगच्या शिस्तीने वैद्यकीय नोंद सुधारते. पण रुग्णाच्या उपचारात काहीही फरक न करणाऱ्या शब्दावर हजारो डॉलर अवलंबून राहू लागले की नोंद देयकासाठी लिहिली जाऊ लागते, आणि त्या नोंदीवर भिस्त ठेवून उपचार करणाऱ्या पुढच्या डॉक्टरला तिच्यातले वैद्यक वेगळे काढावे लागते.