दाराला कडी, खिडकी उघडी

फेब्रुवारी २००६. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ३७९ विरुद्ध ५० मतांनी एक नियम केला: लॉबिस्ट झालेल्या माजी सदस्यांनी यापुढे सभागृहात आणि सदस्यांच्या व्यायामशाळेत यायचं नाही. महिनाभरापूर्वीच लॉबिस्ट जॅक अब्रामॉफने लाचखोरीच्या कटाची कबुली दिली होती. एरवी कंपनीच्या माणसाला खासदाराची वेळ मिळवायला खेटे घालावे लागतात; माजी खासदाराला शेजारच्या ट्रेडमिलवर चढलं की पुरे.

दुखणं जुनंच. वॉटरगेट घोटाळ्यानंतर, १९७८ साली, पद सोडणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांवर वर्षभराचं बंधन आलं. कायदा करणाऱ्यांनी स्वतःला त्यातून वगळलं. त्यांची पाळी १९८९ च्या कायद्याने आली. खासदारकी सुटल्यावर वर्षभर जुन्या सहकाऱ्यांकडे कुणाची रदबदली करायची नाही, हा नियम १९९१ पासून लागू झाला.

त्यातली फट बिली टॉझिन यांच्यामुळे दिसली. लुइझियानाचे हे खासदार ऊर्जा व वाणिज्य समितीचे अध्यक्ष होते. वृद्धांना मेडिकेअरमधून औषधं मिळवून देणारा २००३ चा कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. सरकारने औषधांच्या दरांवरून कंपन्यांशी घासाघीस करायची नाही, असं कलम त्यात होतं. जानेवारी २००५ मध्ये खासदारकी संपली आणि ते औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. बंदी रदबदलीवर होती, नोकरीवर नव्हती.

२००७ च्या कायद्याने सिनेटरांवरच्या बंदीची मुदत दोन वर्षांवर नेली. प्रतिनिधिगृहाची एकच राहिली. अंमल ३१ डिसेंबरपासून. मिसिसिपीचे सिनेटर ट्रेंट लॉट यांची पाच वर्षं बाकी होती. १८ डिसेंबरला ते राजीनामा देऊन मोकळे झाले आणि जानेवारीत माजी सिनेटर जॉन ब्रो यांच्यासह त्यांनी लॉबिंगचं दुकान थाटलं.

याहून सोपी वाट व्याख्येतच आहे. एखाद्या अशिलाच्या कामात लॉबिंगचा वेळ वीस टक्क्यांहून कमी असेल, तर त्याच्यासाठी लॉबिस्ट म्हणून नोंदणीच लागत नाही. सिनेटमधले माजी नेते टॉम डॅशल २००५ पासून ‘सल्लागार’ होते. लॉबिस्ट म्हणून नाव नोंदवलं २०१६ साली.

२०१९ मध्ये रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ आणि डेमोक्रॅट खासदार अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ, ही दोन टोकं, ट्विटरवर आजन्म बंदीच्या बाजूने एकत्र आली. कायदा झाला नाही. फ्लोरिडात मात्र आदल्याच वर्षी मतदारांनी सुमारे ७९ टक्के मतांनी सहा वर्षांची बंदी थेट राज्यघटनेत घातली होती. तिथे तो प्रश्न मतपत्रिकेवर आमदारांनी ठेवला नव्हता. घटना-पुनर्विचार आयोगाने ठेवला होता.