चौकटीतली फिकट अक्षरं

माझ्या वर्गातली एक मुलगी गेल्या वर्षी चित्रकला स्पर्धेला मुकली. चित्र झकास होतं, पण अर्ज अपूर्ण म्हणून बाद झाला. का, तर पिन कोड भरलेलाच नव्हता!

मुलगी नाशिकरोडची. तिच्या आईनं मोबाइलवर अर्ज भरला. पिनच्या चौकटीत ४२२००१ असं आधीच दिसत होतं. "बाई, मला वाटलं, त्यांनीच टाकलाय," आई हळहळली. पण तो होता नुसता नमुना, तोही नाशिक शहराचा! नाशिकरोडचा पिन ४२२१०१. चौकट रिकामीच होती.

अशा नमुन्याच्या अक्षरांना 'प्लेसहोल्डर' म्हणतात. आपण लिहू लागलो की ती नाहीशी होतात. अर्जाबरोबर ती जात नाहीत.

ती गडद असली, तर भरलेल्या मजकुरासारखी वाटतात. मग अगदी पुसट करायची का? छे! आजोबांना चष्मा लावूनही दिसायची नाहीत. यासाठी एक माप आहे. पांढऱ्यावर पांढरं म्हणजे १ : १, पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ : १. लहान अक्षरांना निदान ४.५ : १ एवढा फरक हवा, असं डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संस्थेनं २००८ साली सांगितलं. पांढऱ्या पानावर या मापात बसणारा सर्वांत फिकट राखाडी रंग म्हणजे क्रमांक ७६७६७६. पान सजवणारे 'सीएसएस' नावाच्या भाषेत प्लेसहोल्डर या शब्दाआधी दोन अपूर्णविराम देतात आणि त्या अक्षरांचा रंग, तिरकेपणा वेगळा ठरवतात.

पण नुसत्या रंगानं भागत नाही. आंतरदेशीय पत्र आठवा. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड सुरू झाला. पत्रावर 'पिन' हा शब्द बाहेर छापलेला आणि पुढे सहा कोरे चौकोन. कुणाचा घोटाळा होईल का? अर्जातही चौकटीचं नाव बाहेर हवं, आणि नमुन्याआधी 'उदा.' हवं.

आता एक करा. आई-बाबा अर्ज भरतील तेव्हा शेजारी बसा. शंका आली, की चौकटीत एक अक्षर टाइप करा. आधीचा मजकूर गायब झाला? मग ती चौकट रिकामीच होती!

आमच्या त्या मुलीनं यंदा पुन्हा चित्र काढलंय. अर्ज भरताना ती आईशेजारी बसली होती. पिनच्या चौकटीत पहिला ४ तिनंच दाबला.