निळी सुरई आणि तिची पार्श्वभूमी

डोळ्यांना जो फरक ठळक दिसतो, तो छायाचित्रातही तसाच उतरेल असे नाही. जयपूरच्या निळ्या भांड्यांवरून ही गोष्ट सहज ध्यानात येते. ही भांडी नेहमीच्या चिकणमातीची नसतात. गारगोटीची व काचेची पूड हे त्यांतील मुख्य घटक होत. त्यांच्या पांढऱ्या अंगावर कोबाल्टच्या गडद निळ्या रंगाने वेलबुट्टी काढून वर झिलई चढवितात.

महाराजा सवाई रामसिंह दुसरे (कारकीर्द १८३५ ते १८८०) यांच्या काळात जयपुरात या कलेला उत्तेजन मिळाले. महाराजा स्वतः उत्तम छायाचित्रकारही होते. ओल्या कलोडियनच्या काचपट्ट्यांवर त्यांनी अनेक व्यक्तिचित्रे घेतली. त्यांतील कित्येकांत मागे रंगविलेला पडदा व खाली गालिचा दिसतो.

या पट्टीवरील रुपेरी क्षारांवर निळ्या, जांभळ्या व अतिनील किरणांचाच परिणाम होत असे. तांबडा प्रकाश त्यांना जवळजवळ अंधारासारखाच होता. समजा, अशा पट्टीवर निळ्या नक्षीच्या सुरईचे चित्र घेतले, आणि मागे जयपूरच्या प्रसिद्ध गुलाबी-तांबूस रंगाची भिंत आहे. डोळ्यांना भिंत फिकी व नक्षी गडद दिसते. चित्रात मात्र भिंत काळपट होईल आणि नक्षी इतकी फिकट पडेल की पांढऱ्या अंगावर ती धड ओळखूही येणार नाही. सुरईची बाह्याकृती उठून दिसेल, पण कारागिराचे काम हरवेल. १८७३ साली जर्मन शास्त्रज्ञ फोगेल यांनी विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून पट्टीला इतर रंगांचीही जाणीव देता येते असे दाखविले, आणि हा दोष पुढे क्रमाने दूर होत गेला.

तरीही एक अडचण उरतेच. रंग भिन्न पण उजळपणा सारखा असलेल्या दोन वस्तू कृष्णधवल चित्रात एकाच करड्या छटेच्या दिसतात. रंगीत चित्रात मात्र रंगांचा विरोध उपयोगी पडतो. शेजारी ठेवलेले विरोधी रंग परस्परांना अधिक तेजस्वी भासवितात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ साली सविस्तर मांडले. म्हणूनच नारिंगी कापडापुढे निळी नक्षी खुलते.

हा प्रयोग शाळेतही करता येईल. एक निळे-पांढरे भांडे खिडकीजवळ ठेवून त्यामागे पांढरा, करडा, काळा व नारिंगी असे कागद पाळीपाळीने लावावेत आणि प्रत्येक वेळी एक रंगीत व एक कृष्णधवल चित्र घ्यावे. पांढऱ्या कागदावर भांड्याची कड विरते. करड्यावर कड आणि नक्षी दोन्ही टिकतात. कागद भांड्यापासून हातभर मागे असावा. नाहीतर भांड्याची सावली त्यावर पडते आणि कागदाचा रंग झिलईत उतरतो.

पार्श्वभूमी ही केवळ शोभेची बाब नव्हे. वस्तूविषयी चित्र काय सांगणार आणि काय झाकणार, हे तिच्यावरही अवलंबून असते.