व्याकरण उघड, प्रार्थना दाराआड

बंगळुरूत वाढलेली माझी भाची सुट्टीत आली की तिचं एकच टुमणं असतं : भिंत ‘ती’, खांब ‘तो’ आणि दार ‘ते’ का? तिच्या मैत्रिणींच्या कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना सरसकट नपुंसकलिंग. खांबाला पुरुष करायची भानगडच नाही. उत्तर शोधताना माझी गाडी दर वेळी दादोबा पांडुरंग तर्खडकरांपाशी येऊन थांबते. या पसाऱ्याला शिस्त लावायला त्यांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. ‘मराठीचे पाणिनी’ ही ओळख त्यातूनच चिकटली.

पुढे सुरतेला हेडमास्तरकी, मग मुंबईत शिक्षक घडवणाऱ्या नॉर्मल वर्गाची जबाबदारी, आणि १८५२ पासून नगरला डेप्युटी कलेक्टरी. तिथे भिल्लांच्या उठावाचा बंदोबस्त केल्याबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर केलं. धडे देणाऱ्या मास्तराच्या नशिबी हेही यावं, याची मला गंमत नाही, जरा खंतच वाटते.

मला ओढ आहे ती दाराआडच्या दादोबांची. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. देव एक, जातिभेद खोटा, असं मानणाऱ्यांची ही गुप्त मंडळी. बैठकीत म्हणायच्या प्रार्थना दादोबांनी रचलेल्या. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव सगळ्यांदेखत खायचा. वडापाववर वाढलेल्या आपल्याला यातली धास्ती कळणं कठीण, पण तेव्हा त्या एका घासात जात जायची, पाठोपाठ सोयरीक आणि पंगतही. म्हणून तर सगळं गुपचूप. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं फुटली आणि मंडळी पांगली.

१८६७ साली धाकटे भाऊ डॉ. आत्माराम यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उभा राहिला, तो मात्र उघडपणे. दादोबांचं धाडस तरीही बेताचंच. पुढल्याच वर्षी ‘धर्मविवेचन’ छापलं, त्यावर लेखक म्हणून नाव घातलं ‘एक जगद्वासी आर्य’. सभेच्या विचारांचा पद्यग्रंथ ‘पारमहंसिक ब्राह्मधर्म’ निघाला १८८० साली, मृत्यूच्या दोन वर्षं आधी.

दादोबांनी आत्मचरित्रही लिहिलं. अ. का. प्रियोळकरांनी ते संपादून छापलं. परमहंस सभेबद्दल काही मिळेल म्हणून ते मोठ्या आशेने उघडलं, तर दादोबांची लेखणी सभेची स्थापना व्हायच्या आधीच थांबलेली.