‘जिनिंग’मधला इकार ऱ्हस्वच

कापसाचा हंगाम लागला की यवतमाळ जिल्ह्यात ‘जिनिंग’ हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी असतो. वेचलेला कापूस जिनिंगात जातो, तिथे रुई आणि सरकी वेगळी होते, मग रुईवर प्रेसिंग होऊन सुमारे १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. इंग्रजीत ‘इंग’ हा प्रत्यय क्रियापदाला लागून क्रियेचे नाव बनवतो. इथे मात्र ‘कापूस जिनिंगवर नेला’ म्हणणारा शेतकरी कारखान्याबद्दल बोलत असतो. क्रिया सांगायची तर त्याला ‘जिनिंग करणे’ असे मराठी क्रियापद जोडावे लागते. तो प्रत्यय मराठीत प्रत्यय म्हणून उरलेलाच नाही. अख्खा शब्द आपल्या व्याकरणात आला आहे, तेव्हा तो लिहायचा कसा हेही आपल्याच नियमांनी ठरले पाहिजे. तरी फलकांवर आणि पावत्यांवर ‘जिनींग’, ‘पार्कींग’, ‘ट्रेनींग’ अशी दीर्घ रूपे सर्रास दिसतात.

दीर्घ लिहिणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. गरीब, वकील, जमीन या अकारान्त शब्दांत शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असते, मग जिनिंगनेच काय केले? पण मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांत (१९६२ मध्ये चौदा, १९७२ मध्ये आणखी चार) याच्या जोडीला दुसरी तरतूद आहे: तत्सम नसलेल्या शब्दांत अनुस्वार किंवा जोडाक्षर यांच्या आधीचा इकार-उकार सामान्यतः ऱ्हस्व. म्हणून आपण हिंग, शिंग, भिंग, चिंच लिहितो. हिंदीत हींग आणि सींग दीर्घ आहेत, मराठीने ते ऱ्हस्व केले. जिनिंग याच रांगेत बसतो. विभक्ती लावून पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. गरीबचे ‘गरिबाला’ होताना दीर्घ ऱ्हस्व होतो, शिंगचे ‘शिंगाला’ होताना काहीच बदलत नाही. ‘जिनींग’ लिहिणाऱ्याला ‘जिनिंगात’ लिहिताना एकाच शब्दाची दोन रूपे सांभाळावी लागतील, आणि तीही विनाकारण.

परक्या शब्दाला आपले नियम कशाला, असेही म्हटले जाते. पण वर ज्यांचा आधार घेतला ते गरीब आणि वकील अरबीतून आलेले, जमीन फारसीतून. ते नियम पाळतात आणि कुणाला खटकत नाही. शिवाय इंग्रजी उच्चाराचाच आग्रह असेल तर तिथेही या प्रत्ययातला स्वर ऱ्हस्वच आहे. खरा मतभेद उरतो तो ‘मीटिंग’ की ‘मिटिंग’ एवढाच, आणि तो पहिल्या अक्षराचा आहे. मूळ दीर्घ उच्चार कानाला स्पष्ट ऐकू येतो म्हणून माझे मत ‘मीटिंग’च्या बाजूने आहे, मात्र कुणी ‘मिटिंग’ लिहिले तर ती चूक मी मानणार नाही. ‘मीटींग’ मात्र दोन्ही हिशेबांनी चूक. ‘कंपनी’, ‘डिग्री’, ‘युनिव्हर्सिटी’ यांच्या अंती येणाऱ्या दीर्घ ईकाराचा विचार पुढच्या आठवड्यात.