सुट्टी? ती कसली असते, बॉस!

मार्च एन्ड संपलेला असतो, अप्रेझलचा फॉर्म भरून झालेला असतो, आता चार दिवस गावी जाऊन आंबे खायचे असं तुम्ही मनाशी पक्कं केलेलं असतं. तेवढ्यात बॉस म्हणतो, ‘सिंगापूरला जायचंय, दहा दिवस.’ शेजारच्या क्युबिकलमधून लगेच आवाज येतो, ‘ऐश आहे लेका तुझी!’ आता ही ऐश म्हणजे एअरपोर्ट, हॉटेल, कॉन्फरन्स रूम आणि परत एअरपोर्ट, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

मी पडले फ्रीलान्सर. मला हक्काची रजा नसतेच, त्यामुळे दुसऱ्यांच्या रजेचं काय होतं याचं मला भारी कुतूहल. त्यातून फुटबॉलचं वेड. इंग्लिश क्लबांच्या जुन्या उन्हाळी दौऱ्यांबद्दल वाचायला लागले आणि वाटलं, अरे, ही तर आपलीच गोष्ट!

बोट, बॅगा आणि बॉल

इंग्लंडमध्ये फुटबॉलचा सीझन मेमध्ये संपतो आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू होतो. मधले महिने खेळाडूंच्या सुट्टीचे. क्लबांच्या दृष्टीने मात्र हे गल्ला रिकामा राहण्याचे दिवस. मग टीम परदेशी न्यायची, तिथल्या यजमानांकडून पैसे घ्यायचे आणि सामने खेळायचे. सोपा हिशोब!

१९०४मध्ये साउदॅम्प्टन अर्जेंटिनाला गेलं, १९०५मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट. विमानं नव्हती. दोन-तीन आठवडे बोटीत काढायचे, उतरल्यावर खेळायचं आणि तेवढेच दिवस परतीच्या बोटीत. या दौऱ्यांच्या खुणा अजून दिसतात. फॉरेस्टचा लाल रंग अर्जेंटिनाच्या इंडिपेंडिएंटे क्लबने उचलला. १९१०मध्ये कोरिंथियन हा हौशी इंग्लिश क्लब ब्राझीलला जाऊन आला आणि साओ पावलोमध्ये त्याच नावाचा क्लब निघाला. ब्राझीलचा आजचा बलाढ्य कोरिंथियन्स तो हाच.

१९१४ची एक्सेटर सिटीची ट्रिप तर सिनेमाच काढावा अशी. छोट्या गावाचा छोटा क्लब. २१ जुलैला रिओमध्ये रिओ आणि साओ पावलोच्या निवडक खेळाडूंविरुद्ध खेळला आणि २-०ने हरला. हाच सामना ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचा पहिला सामना मानला जातो! त्यानंतर दोनच आठवड्यांत ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरलं. ट्रिपचे फोटो दाखवायलाही कुणाला सवड मिळाली नसेल.

कळस केला आयलिंग्टन कोरिंथियन्सने. या हौशी क्लबाने ऑक्टोबर १९३७ ते जून १९३८ असा सलग जगाचा दौरा काढला. एकूण सामने ९५! आपल्याकडेही ते महिनोन्महिने खेळत फिरले. त्यांना इथे हरवण्याचा मान मिळाला ढाक्याला. हे सगळे पगारी खेळाडू नव्हते, हे लक्षात घ्या.

‘नाही’ म्हणायची सोय?

पगारी खेळाडूंची अवस्था काय होती? १९५०च्या दशकाअखेरीस इंग्लंडमध्ये खेळाडूला सीझनमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त २० पौंड आणि उन्हाळ्यात १७ पौंड मिळू शकत. तुम्ही कितीही मोठे स्टार असा, याच्यावर एक पेनीही नाही. ही मर्यादा जानेवारी १९६१मध्ये उठली. शिवाय करार संपला तरी क्लब खेळाडूला अडवून ठेवू शकत असे. जॉर्ज ईस्टहॅम नावाचा खेळाडू कोर्टात गेला, तेव्हा कुठे १९६३मध्ये या पद्धतीला दणका बसला. थोडक्यात काय, पेपर टाकून दुसरीकडे जॉइन व्हायची सोयच नव्हती. अशा वेळी क्लब म्हणाला ‘बॅग भरा’, तर कोण नाही म्हणणार?

पण प्रत्येक दौरा छळच होता, असंही नाही. १९४६चं लिव्हरपूल बघा. युद्ध संपलेलं, ब्रिटनमध्ये रेशनिंग चालू, पोटभर मटण मिळणं मुश्कील. क्लब टीमला घेऊन बोटीने अमेरिकेला गेला. दहा सामने, दहाही जिंकले. पण खरी कमाई जेवणाच्या टेबलावर. स्टेक, दूध, आइस्क्रीम! मंडळी वजन वाढवून परतली आणि १९४६-४७ची लीग जिंकली. त्या वर्षी खेळाडूंना सगळ्यात जास्त गरज होती खाण्याची आणि दौऱ्याने नेमकं तेच दिलं.

चॅम्पियन गेले, दमून आले

विमानं आली आणि मामला फास्ट झाला. १९६७मध्ये अमेरिकेत नवी लीग काढली, पण टीम्सच नव्हत्या. मग काय, युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या टीम्स आख्ख्याच्या आख्ख्या उचलून आणल्या आणि त्यांना नवी नावं दिली. वुल्व्हज झाले लॉस एंजेलिस वुल्व्हज, स्टोक सिटी झाली क्लीव्हलँड स्टोकर्स. आदल्याच वर्षी वर्ल्ड कप जिंकलेला गोलकीपर गॉर्डन बँक्स सुट्टीच्या दिवसांत क्लीव्हलँडच्या नावाने गोल अडवत होता. वुल्व्हजने घरचा सीझन खेळून तिथे आणखी १२ लीग सामने खेळले. वर फायनल, तीही एक्स्ट्रा टाइमपर्यंत ताणलेली. ६-५ने जिंकले म्हणा!

मँचेस्टर सिटीचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. मे १९६८मध्ये ते ४२ सामन्यांची लीग जिंकून चॅम्पियन झाले आणि लगेच अमेरिकेला रवाना. तिथे अटलांटा चीफ्सकडून हरले. इज्जतीचा प्रश्न! पुन्हा सामना ठेवला, पुन्हा हरले. पुढच्या सीझनमध्ये एफए कप जिंकला खरा, पण युरोपियन कपमधून पहिल्याच फेरीत बाहेर आणि लीगमध्ये थेट १३वे. सगळं खापर दौऱ्यावर फोडणं बरोबर नाही. पण चॅम्पियन टीमला त्या उन्हाळ्यात चार दिवस घरी झोपू दिलं असतं तर? असं वाटतंच ना.

आता बिझनेस क्लास, पण...

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. बरं, मग हे ऐका. १९ मे २०२४ला प्रीमियर लीग संपली आणि २२ मेला टॉटनहॅम आणि न्यूकॅसल मेलबर्नला एकमेकांविरुद्ध खेळत होते! स्टेडियममध्ये पाऊण लाखाहून जास्त लोक, मग क्लब कशाला सोडतील? पुढच्या वर्षी मँचेस्टर युनायटेड लीगमध्ये १५वे आले. २५ मे २०२५ला शेवटचा सामना, २८ला क्वालालंपूर, ३०ला हाँगकाँग. क्वालालंपूरला आसियान ऑल-स्टार्सकडून १-०ने हरले आणि पब्लिकने हुर्यो उडवली.

आपलं पुणंही या नकाशावर आहे, बरं का. पुण्याच्या वेंकीजने २०१०मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला आणि ऑक्टोबर २०११मध्ये, ऐन सीझनमध्ये, टीम बालेवाडीला पुणे एफसीविरुद्ध खेळून गेली. आपल्याला मज्जा आली. पण लांबच्या विमानातून उतरून मैदानात पळायचं कुणाला होतं? मालकाला नाही, आपल्यालाही नाही.

खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो आता सीझननंतर किमान चार आठवड्यांची सुट्टी मागतेय. वर्षाला कोट्यवधी कमावणाऱ्यांनी रजेसाठी भांडावं याचं काही जणांना हसू येतं. मला येत नाही. पगार कितीही वाढला तरी गुडघे तेवढेच दोन असतात.

बोटीच्या जागी विमान आलं, तिसऱ्या दर्जाच्या हॉटेलच्या जागी फाइव्ह स्टार आलं. १९४६च्या लिव्हरपूलला दौरा मानवला आणि १९६८च्या सिटीला नाही, यात अंतराचा काही दोष नव्हता. एका दौऱ्याने खेळाडूंना काहीतरी दिलं, दुसऱ्याने होतं तेही काढून घेतलं. तेव्हा पुढच्या वेळी बॉस हसतहसत ‘फॉरेन ट्रिप’ म्हणाला, तर व्हिसाच्या आधी एवढंच विचारा: ‘सर, परत आल्यावर कॉम्प-ऑफ किती दिवसांचा?’