कुंडीतलं घुमट

गणेश चवथीला गोव्यात पेडणे-डिचोलीकडे घरात आरती उभी राहिली की साथीला समेळ हे चर्मवाद्य असतं, कासाळे म्हणजे मोठ्या झांजा असतात, पण घर दणाणतं ते घुमटानं. 2019 मध्ये गोवा सरकारनं त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. रचना मात्र अगदी साधी. दोन्हीकडून उघडं मातीचं मडकं, मोठ्या तोंडावर ताणून बसवलेलं कातडं, लहान तोंड मोकळं. डिचोलीसारख्या कुंभारकामासाठी नावाजलेल्या गावाला त्याचं अप्रूप ते काय!

पूर्वी कातडं घोरपडीचं असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला अभय मिळालं आणि बकऱ्याचं कातडं आलं. जुन्या नादाची हळहळ आजही कानी पडते. मला ती अर्धीच पटते. नाद कातड्याचा असतो तितकाच पोकळीचाही. उजव्या हाताची बोटं कातड्यावर पडतात, तेव्हा डावा तळवा लहान तोंडाशी उघडझाप करत असतो. तोंड झाकत नेलं की आतल्या हवेचा सूर उतरतो, मोकळं केलं की चढतो, पुरतं बंद केलं की दबतो. घुमटाची सारी गंमत या डाव्या हातात आहे.

आता अंगणातली मातीची कुंडी पाहा. वर रुंद तोंड, बुडाला पाणी जायचं भोक. अर्धं घुमट तयारच! वीतभर तोंडाची, चीर न गेलेली कुंडी धुऊन वाळवावी. मोठ्या फुग्याचं नरडं कापून उरलेलं रबर तोंडावर ताणावं आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळावं. नाहीतर पार्सलची रुंद चिकटपट्टी आडवी-उभी, घट्ट ओढून लावावी. रबराचा आवाज मऊ येतो, पट्टीचा टणक. चवथ येते भर पावसात. दमट हवेत कातडं सैलावतं, शेकावं लागतं. पट्टीला ती फिकीर नाही. भोक लहान असल्यानं तळव्याऐवजी एक बोटही पुरतं.

घुमट गळ्यात अडकवतात आणि त्याला दोन्ही हात लागतात. एखाद्या मुलाचा एक हात कमजोर असेल, तर कुंडी टॉवेलच्या गुंडाळीवर आडवी ठेवावी. त्यानं थाप द्यावी, भोक दुसऱ्यानं सांभाळावं. दोघांचं जमायला थोडा वेळ लागतो, भांडणंही होतात. कासाळ्यांच्या जागी स्टीलची दोन झाकणं चालतील. फक्त नैवेद्याची भांडी झाकण्याआधी ती मागून घ्यावीत.